जो जिथं, तो तिथं

औरंगाबाद,
६ एप्रिल २०१०

ती. अक्का,

नमस्कार. पाडव्याला तुझं पत्र मिळालं. उत्तराला इतके दिवस लागले, कारण मी पत्र लिहायच्या मनःस्थितीत नव्हतो. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. क्रिकेटमध्ये आमचं डेक्कन हरत होतं. एकदा नाही, ओळीनं. मॅच सुरू व्हायच्या आधीच मी येरझाऱ्या घालायला लागायचो आणि संपेपर्यंत ताट तसंच राहायचं. उमा म्हणाली, नका बघू इतकं होतंय तर. आता बासष्टाव्या वर्षी मला हे सांगून काय उपयोग?

तू विचारलं होतंस की मुंबई सोडून मी हैदराबादच्या संघाच्या मागं का लागलो. सांगतो. मुंबई हे शहर आपल्यासाठी मंत्रालयात हेलपाटे घालायला बांधलेलं आहे. मी नोकरीत असताना तिथं पेन्शनच्या कामाला एकवीस वेळा गेलो असेन, एकदाही कोणी 'बसा' म्हणालं नाही. त्या शहरासाठी मी टाळ्या वाजवायच्या? पुण्याला मागच्याच महिन्यात संघ मिळाला, तो खेळणार पुढल्या वर्षी, पण आपणच श्रेष्ठ आहोत हे त्यांचं आत्ताच ठरलेलं असणार. कलकत्त्याच्या संघाचा थाट लग्नाच्या वरातीचा आणि धावा श्राद्धाच्या. बंगळूरवाले हुशार खरे, पण हुशार माणसं आयत्या वेळी कशी कच खातात हे मी ऑफिसात पुष्कळ बघितलं. तुझ्या चेन्नईबद्दल काही लिहीत नाही, तू थोरली आहेस.

राहिलं डेक्कन. आपण दख्खनचेच ना? आबांच्या शाळेच्या दाखल्यापासून घराच्या खरेदीखतापर्यंत सगळं उर्दूत, आणि कागद अडला की हैदराबादची गाडी. आपल्या गावाला बावन्न दरवाजे, पण एकातूनही कुठला संघ आत येत नाही. मग जुन्या राजधानीचा धरला. त्यात तिकडं वेगळ्या राज्याचं आंदोलन चालू, म्हणून बिचाऱ्यांना यंदा स्वतःच्या गावात एकही सामना नाही. कधी नागपूर, कधी कटक. गतवर्षीचे विजेते आणि यंदा बेघर. अशा माणसांच्या बाजूनं उभं राहिलं पाहिजे.

पण काल चमत्कार झाला. राजस्थानशी सामना, शेवटची ओव्हर, आणि आपण हरणार हे मी धरूनच चाललो होतो. शेजारचा रामकिसन नेहमीप्रमाणं बघायला आला होता. (वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाला, तोच. तू मागं आलीस तेव्हा त्याच्या व्हॅनमधून आपण पैठणला गेलो होतो.) उमा पाणी घेऊन आली आणि जाताना स्वयंपाकघराच्या दारातल्या ठेंगण्या स्टुलावर बसली. "उजव्या हाताला मुंग्या आल्यात, जरा टेकते," म्हणाली. ती टेकली आणि पुढच्याच चेंडूला विकेट. ती उठायला लागली तर मी ओरडलो, हलू नकोस. रामकिसन म्हणाला, "वैनी, आता उठायचं नाय बरं का. लई मोक्याची जागा धरली तुम्ही."

आबांचा कायदा तुला आठवतो ना? रेडिओवर कॉमेंट्री चालू असताना आपल्या बाजूनं काही घडलं की जो जिथं, तो तिथं. एकदा त्यांनी दूधवाल्याला लंचपर्यंत दारात उभं केलं होतं. तो कायदा काल पुन्हा लागू केला. उमा हलली नाही आणि आपण दोन धावांनी जिंकलो.

मजा म्हणजे नंतर ती उठून आत गेली ती एकाच पायात चप्पल घालून. उजवी स्टुलाखालीच राहिली. तिला पत्ताच नाही. रामकिसन आणि मी इतके हसलो.

केशवला आशीर्वाद. तुझ्या कानाचं यंत्र बदललंस का?

तुझा,
श्रीनिवास

*

चेन्नई,
११ एप्रिल २०१०

चि. श्रीनूस आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. पहिली दोन पानं मी हसत वाचली. चपलेची ओळ मात्र चारदा वाचली आणि मग पत्र खाली ठेवून देवापाशी जाऊन बसले.

यांचं असंच सुरू झालं होतं. भाजी आणायला आम्ही दोघं गेलो होतो आणि रस्ता ओलांडून आल्यावर मी खाली बघितलं तर यांच्या एकाच पायात चप्पल. दुसरी रस्त्याच्या मधोमध. यांना काही कळलंच नव्हतं. आम्हीही हसलो. तीन आठवड्यांनी सकाळी दाढी करताना हे पडले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. नंतर डॉक्टर म्हणाले, शरीरानं आधी निरोप पाठवला होता.

हाताला मुंग्या उजव्या, आणि चप्पलही उजव्याच पायातली. श्रीनू, तुला हे दोन्ही एका पत्रात लिहिताना काहीच वाटलं नाही? उद्याच्या उद्या उमाला डॉक्टरकडं ने. ब्लडप्रेशर बघ, साखर बघ, आणि डॉक्टरला चपलेचं आठवणीनं सांग. ते काही म्हणायच्या आत तू 'थकवा असेल' असं म्हणू नकोस. मला तुझी सवय माहीत आहे.

केशवला मी आज सकाळी तुला फोन करायला लावला. मी शेजारी उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो पाच मिनिटं हसत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "आई, मामा म्हणतो सगळं ठीक आहे, आणि काल नागपूरला आम्ही तुमच्या चेन्नईला धुतलं." मी फोनवर ऐकू शकत असते तर तुला चांगलं सुनावलं असतं.

चेन्नई हरली त्याचं मला दुःख नाही. तीस वर्षं या गावात राहून मला एवढं कळलं की इथली माणसं हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही पिवळा सदरा घालून दुकान उघडतात. त्यांच्या जिवाला घोर लागत नाही. तुझ्या जिवाला लागतो आणि त्या घोरापायी तू उमाला स्टुलावर बसवतोस.

आबांच्या कायद्याबद्दल मला सांगू नकोस. मीही त्याच घरातली. काल शेवटच्या ओव्हरला मी स्वतः खिडकीपाशी उभी होते आणि पाय दुखत असून हलले नाही. त्यामुळंच मला भीती वाटते. तो कायदा आपल्या रक्तात किती खोल गेलाय ते मला ठाऊक आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

अक्का

*

औरंगाबाद,
१५ एप्रिल २०१०

ती. अक्का,

पत्र आज दुपारी आलं. वाचून क्षणभर मीही घाबरलो. मग तारीख बघितली. चेन्नई हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलंस आणि मागणी काय, तर उमाला स्टुलावरून उठव. अक्का, मी तुझा धाकटा भाऊ असलो तरी अगदीच दूधखुळा नाही. पत्त्यांत हरायला लागलीस की तू आईला हाक मारायचीस, ते मी विसरलेलो नाही.

रागावू नकोस, गंमत केली. भाऊजींचं तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. मी लगेच उमाला विचारलं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "काही नाही हो, उन्हाळा बाधलाय." चाळीसच्या वर पारा आहे इथं, दुपारी हर्सूलच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी म्हटलं, डॉक्टरकडं जाऊन येऊ. तर म्हणाली, "तुमची स्पर्धा संपू द्या, मग निवांत जाऊ." हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत.

आता ऐक. तुम्हाला हरवलं, मग सोमवारी बंगळूरला. ओळीनं जिंकतोय. तिन्ही वेळा उमा स्टुलावर. आता सांगावंही लागत नाही. सामना सुरू झाला की ती आपण होऊन तिथं जाऊन बसते, भिंतीला टेकते आणि संपेपर्यंत हलत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतकं माझं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटतं तिलाही गोडी लागली. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नाही, तरी डोळे टीव्हीला लावून बसते.

बंगळूरच्या सामन्याआधी फार हसलो. रामकिसनसाठी चहा आणला आणि विचारते काय, "मीठ किती घालू?" साखर म्हणायचं होतं. मग रिमोट मागायचा होता, तर म्हणाली, "ती कात्री द्या." रामकिसन म्हणाला, "वैनीला बी मॅचचं टेन्शन आलंया, व्हय का नाय?" तीही हसली आमच्याबरोबर, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून. माझी थट्टा करताना ती अशीच हसते.

दोन सामने राहिलेत. दोन्ही जिंकले तर थेट उपांत्य फेरी. मला झोप लागत नाही. रामकिसनची बायको वच्छलाबाई म्हणाली, "भाऊ, तुमालाच दवाखान्यात न्यावं लागंल." तेव्हा तू काळजी करायचीच असेल तर माझी कर.

श्रीनिवास

*

औरंगाबाद,
१७ एप्रिल २०१०

ती. अक्कांना साष्टांग नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सणाच्या चार ओळींपलीकडं मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घ्या. तीनदा थांबून लिहिते आहे. यांना न सांगता वच्छलाबाईंच्या हाती पोस्टात टाकायला देणार आहे.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. चपलेचं वाचताना हे हसत होते आणि मी परातीकडं बघत होते. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे, अक्का. आणि ते त्या दिवसापासून नाही. पाडव्यापासून आहे. पहिल्यांदा गुढीला साखरेची माळ बांधताना हात गळाला. पाच-दहा मिनिटं हात माझा नव्हताच. मग आपोआप ठीक झाला. असं आठ-दहा दिवसांनी व्हायचं, आता एक दिवसाआड होतं. कधी हात, कधी पाय. कधी शब्द तोंडाशी येतो आणि बाहेर दुसराच पडतो. मला कळत असतं की चुकीचा पडला, पण बरोबरचा सापडत नाही. चहात मीठ म्हणाले तेव्हा दोघं हसले. मीही हसले, कारण न हसले असते तर रडले असते.

तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाहीस. माझी आई सात वर्षं अंथरुणावर होती. लातूरला, दादाच्या घरी. तिला वाचा नव्हती. वहिनी तिला भरवायची आणि भरवताना तोंड दुसरीकडं करायची. मी जाऊन बसले की आई माझा हात धरायची आणि सोडायची नाही. डॉक्टरकडं गेले की तो या गोष्टीला नाव देईल. नाव दिलं की ती खरी होईल. जोवर नाव नाही तोवर मी सकाळी उठते, दूध तापवते, दळण आणते. आमच्या घरात आम्ही दोघंच. माझं तसं झालं तर यांना साधा वरणभातही येत नाही. मला कोण भरवणार, आणि यांना कोण?

ते स्टूल यांना वाटतं यांनी मला दिलं. खरं सांगू? ते मला बरं पडलं. संध्याकाळी पाय जड होतो, उठताना पडेन अशी भीती वाटते. सामना चालू असताना कोणी मला उठ म्हणत नाही. मी दोन-अडीच तास भिंतीला टेकून बसले तरी कोणी विचारत नाही, उलट शाबासकी मिळते. कोणी माझ्याकडं बघतही नाही. म्हणून मी देवाला म्हणते, यांचा संघ जिंकत राहू दे. आणि मग वाटतं, स्पर्धा संपल्यावर मी कुठं बसू?

निवृत्त झाल्यापासून हे खुर्चीत बसून भिंतीकडं बघायचे. आता सकाळी उठून पेपर उघडतात, रामकिसनशी भांडतात, गुणगुणतात. तेही मला मोडायचं नाही.

तुम्ही यांना काही कळवू नका. मला नुसतं कोणाला तरी सांगायचं होतं. सांगून भीती कमी होईल असं वाटलं होतं, तशी झाली नाही.

तुमची,
उमा

*

चेन्नई,
२१ एप्रिल २०१०

चि. श्रीनू,

हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे. तरी उद्या संध्याकाळच्या आत पोचणार नाही हे मला माहीत आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उमाचं पत्र आज सकाळी आलं. तिनं मला तुला न सांगण्याची गळ घातली होती. मी तिचा विश्वास मोडते आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. तिचा हात पाडव्यापासून गळतो आहे. पाय जड होतो, शब्द चुकतात, आणि हे आता एक दिवसाआड होतं. तिनं तुला उन्हाळा सांगितला कारण ती घाबरली आहे. तिच्या आईसारखं होईल, सात वर्षं अंथरुणावर, आणि भरवणारी वहिनी तोंड दुसरीकडं करायची, म्हणून. आणि श्रीनू, तुझ्या त्या स्टुलाची तिला गोडी लागलेली नाही. तिथं बसलं की तिचं दुखणं कोणाला दिसत नाही, म्हणून ती तिथं बसते.

पत्र वाचल्या वाचल्या मी केशवला ऑफिसातून बोलावून घेतलं. त्यानं तुला फोन केला. मी त्याला कागदावर लिहून दिलं होतं, एक एक वाक्य वाचून दाखव म्हणून. तू काय म्हणालास ते त्यानं मला लिहून दाखवलं. 'अरे बापरे. बरं झालं सांगितलंस. उद्या उपांत्य सामना आहे, परवा सकाळी पहिलं काम तेच करतो.' तो कागद माझ्यासमोर आहे.  केशवनं पुन्हा फोन लावला, आजच ने म्हणून सांगायला. तू म्हणालास, "डॉक्टरची वेळ परवाची घेतली आहे, एका दिवसानं काय होतं?"

एका दिवसानं काय होतं ते मी बघितलं आहे.

मी उद्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं होतं, सुट्ट्यांमुळं गाड्या भरलेल्या. पंचविसाचं मिळालं. तोवर मी इथं आणि तू तिथं. माझ्या हातात काही नाही, म्हणून मी आज एक वेडेपणा केला. देवापुढं बसून नवस बोलले. आजवर मी चेन्नईसाठी नवस बोलले नाही, क्रिकेटसाठी देवाला त्रास देऊ नये असं मला वाटतं. पण उद्या समोर आम्ही आहोत. मी म्हटलं, देवा, डेक्कन हरू दे. लवकर हरू दे. पहिल्या पाच ओव्हरमध्येच सगळं आटपू दे. म्हणजे तो माझा भाऊ त्या बाईला जागेवरून उठू देईल.

तुला हे वाचून राग येईल. येऊ दे. पत्र हातात पडेल तेव्हा सामना झालेला असेल. जिंकलात की हरलात ते मला कळवू नकोस. उमा कशी आहे तेवढं कळव.

अक्का

*

औरंगाबाद,
२४ एप्रिल २०१०

अक्का,

केशवनं तुला सगळं सांगितलं असेलच. दवाखान्याच्या जिन्याखालून मी त्याला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्यामुळं त्याला किती कळलं ते ठाऊक नाही. तू उद्या निघणार. हे पत्र तुझ्या हाती तिकडं पडणार नाही, म्हणून टपालात टाकत नाही. तू आलीस की हातात देईन. तोंडानं मला सांगता येणार नाही, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नाहीही.

तुझं कुरिअर काल आलं. वच्छलाबाईनं दवाखान्यात आणून दिलं. वाचलं.

परवा संध्याकाळी उमानं लवकर पानं घेतली. पिठलं, भाकरी, कैरीची चटणी. तेव्हा ती बरी होती. मग रामकिसन आला. ती स्टुलावर बसली. मी तिला सांगितलं नव्हतं, अक्का. शपथेवर सांगतो. केशवच्या फोननंतर मी तिला म्हटलंही, आज आत जाऊन पड. ती म्हणाली, "बसते इथंच. तुमचं जिंकणं माझ्यामुळं थांबायला नको." आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी पुन्हा म्हटलं नाही.

पहिली फलंदाजी तुमची. तुम्हाला फार धावा करू दिल्या नाहीत. मी आणि रामकिसन खुशीत होतो. मग आपली फलंदाजी आली आणि विकेट पडायला लागल्या. एक पडली, दुसरी पडली, मोठे मोठे गेले. आबांचा कायदा तुला माहीत आहे. नशीब फिरलं की जागाही फिरवायची. मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, "उमा, ऊठ. आता तिथं बसू नकोस." ती उठली नाही. मी पुन्हा म्हणालो. पुढचा चेंडू झाला. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, "तुला ऐकू येत नाही का? ऊठ म्हणतोय ना." रामकिसननं मागं वळून बघितलं. तो म्हणाला, "भाऊ, मॅच बंद करा. वैनीकडं बघा."

ती भिंतीला टेकलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळे माझ्याकडं. तिला ऐकू येत होतं, अक्का. मी ऊठ म्हणत होतो ते तिला सगळं ऐकू येत होतं.

रामकिसननं व्हॅन काढली. जवळच्या दवाखान्यात मशीन नव्हतं, त्यांनी मोठ्या ठिकाणी न्यायला सांगितलं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "या ठीक होत्या असं शेवटचं कधी बघितलंत?" म्हणाले, एक इंजेक्शन असतं, झटका आल्यापासून काही तासांत द्यावं लागतं. वेळ नक्की कळल्याशिवाय देता येत नाही, नाहीतर डोक्यात रक्तस्राव होतो. आठवा, म्हणाले.

मी आठवलं. पहिली विकेट कशी पडली, ते आठवलं. दुसरी कोणी घेतली, झेल कुठं गेला, त्या ओव्हरमध्ये किती धावा निघाल्या, सगळं आठवलं. चेन्नईचा डाव चेंडू न् चेंडू सांगितला असता. ती माझ्यापासून चार हातांवर होती. त्या सगळ्या वेळात ती हलली का, काही बोलली का, तिनं पाणी मागितलं का, मला काहीच सांगता येईना. रामकिसनला विचारलं. तो रडायला लागला. शेवटी मी म्हणालो, जेवताना ठीक होती. डॉक्टरांनी तिथून मोजलं आणि मान हलवली. वेळ उलटून गेली होती.

कदाचित नसेलही उलटली. कदाचित दहा मिनिटांपूर्वीच झालं असेल. ते आता कोणालाच कळणार नाही. मी बघितलं असतं तर कळलं असतं.

तुझा नवस फळला म्हणून तू स्वतःला दोष देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. देऊ नकोस. डेक्कन जिंकत असतं तर मी तिला शेवटच्या चेंडूपर्यंत तिथंच ठेवली असती. नंतर रामकिसनला मिठी मारली असती आणि मग कधीतरी मागं वळलो असतो. हरत होतं म्हणून मी तिला हाक मारली. 

आता ती जिवंत आहे. उजवी बाजू हलत नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू काही येईल, काही येणार नाही. काल मी तिला चमच्यानं पेज भरवली. निम्मी सांडली. तोंड दुसरीकडं केलं नाही. तिच्या आईचं मला कधीच नीट ठाऊक नव्हतं, ते तुझ्या पत्रात वाचलं.

मी तिच्याकडं सारखा बघत असतो. डोळ्याला डोळा लागला तर त्याच वेळी काही होईल असं वाटतं. रामकिसन म्हणतो, "भाऊ, मी बसतो, तुम्ही घटकाभर पडा." मला ते जमत नाही. पाणी प्यायला उठलो तरी दारातून वळून बघतो.

आज दुपारी ती पहिल्यांदा बोलली. आधी नुसते ओठ हलले. मी कान जवळ नेला. एकच शब्द होता, अडखळत आला, पण बरोबरचा आला. "हरलं?"

 मी म्हणालो, "हो. हरलं. संपलं सगळं."

तिनं डोळे मिटले, मोठा श्वास सोडला. मग डाव्या हातानं चादर बाजूला केली आणि उठायला लागली.

मी तिला दोन्ही हातांनी धरलं, अक्का. नर्स म्हणाल्या, आता सोडा, झोपल्या त्या. हे पत्रही मी एका हातानं लिहितो आहे, दुसऱ्यानं तिला धरून. मला सोडायची भीती वाटते. तू लवकर ये.

श्रीनू